ओठ हलवून वाचणारा

आमच्या गावच्या वाचनालयात या फाल्गुनात एक पाटी लागली आहे. वाचकांनी मनातल्या मनात वाचावे. ओठ हलवून आवाज करणारास उठविण्यात येईल. पाटीवर तारीख नाही, सही नाही, कोणत्या सभेच्या कोणत्या ठरावाने ती लागली याचा उल्लेख नाही. चिटणिसांस मी पहिले पत्र त्याच दिवशी लिहिले. उत्तर आले नाही म्हणून दुसरे लिहिले. दुसऱ्यास दोन ओळी आल्या. त्या उत्तर म्हणण्याजोग्या नव्हत्या म्हणून तिसरे लिहिले. तिसऱ्यात मी विचारले की, मुकाट्याने वाचणे ही विद्येची अट कधीपासून झाली? ज्यांच्या वाडवडिलांनी हजारो वर्षे विद्या तोंडातच जिवंत ठेवली, त्यांना दाराबाहेर काढण्याचा अधिकार वर्गणी भरणाऱ्या मूठभर असामींना कोणी दिला?

चिटणीस माझ्याच हाताखाली वकिली शिकलेला गृहस्थ. तलावाच्या काठी भेटला तेव्हा हसत म्हणाला, "आबासाहेब, त्या पाटीने तुमचे काय बिघडवले? तुमचे ओठ तर फीशिवाय हलतच नाहीत."

त्याचे म्हणणे खरे आहे. मी मुका वाचणारा मनुष्य. ती पाटी माझ्याविरुद्ध नाही. ज्याच्याविरुद्ध आहे, तो आता कोणत्याही पाटीच्या पलीकडे गेला आहे. मग मी तीन पत्रे का लिहिली, हे चिटणिसांस सांगण्याचे मी टाळले. ते येथे सांगतो.

फाल्गुन लागला की ठाण्याच्या हवेत कोरडेपणा येतो. तलावाचे पाणी एकेक पायरी उतरू लागते, मोहोराचा जड वास कचेरीच्या आवारापर्यंत पोहोचतो, आणि खाडीच्या अंगाला मिठाचे ढीग इतके पांढरे होतात की दुपारी त्यांच्याकडे पाहवत नाही. पूर्वी याच दिवसांत परगावचे उमेदवार वकिलीच्या परीक्षेसाठी येत. वळकट्या, पितळी तांबे, फडक्यात बांधलेली कायद्यांची भाषांतरे. टेंभी नाक्यापासून तलावापर्यंत जवळजवळ प्रत्येक ओटीवर कोणी ना कोणी कायदा घेऊन बसलेला असे. कोणी खांबाला डोके टेकून डोळे मिटी, कोणी येरझारा घाली. पनवेलकडचा एक गृहस्थ तर कलम पाठ झाले की भिंतीवर कोळशाची रेघ ओढी आणि घरमालकाच्या शिव्या खाई. दोन उमेदवार वादी-प्रतिवादी होऊन इतके कडाक्याने भांडत की शेजारची माणसे सोडवायला धावत. गावभर विद्येचा गलका असे, आणि त्या गलक्यात एकासारखा दुसरा आवाज नसे.

आता ती परीक्षा येथे होत नाही. ओट्या रिकाम्या आहेत. मोहोराचा वास मात्र वेळेवर येतो, आणि तो आला की मला अन्न गोड लागत नाही.

अशाच एका फाल्गुनाच्या आधी पाच महिने मी व दामोदरभट एका सोनाराच्या माडीवर एका खोलीत राहिलो. वीस वर्षांहून अधिक काळ लोटला. मी कोर्टात नकला करणारा कारकून होतो आणि त्याच परीक्षेची तयारी करीत होतो. तो कल्याणचा, शेणाळे तळ्याजवळ राहणाऱ्या वैदिक घराण्यातला. वडील गेले, यजमान एकेक करून मुंबईस गेले, घरी आई, दोन बहिणी आणि नुकतीच नांदायला आलेली बायको. वकिलीची सनद मिळाली तर ते घर उभे राहणार होते. न मिळाली तर श्राद्धपक्षाची वाट पाहत बसणे होते. ही गोष्ट त्याने मला पहिल्याच दिवशी सांगितली, आणि मग पुन्हा कधी काढली नाही.

माझी बुद्धी माझ्या उजव्या हाताच्या तीन बोटांत आहे. हे मी नम्रतेने सांगत नाही, वस्तुस्थिती म्हणून सांगतो. कानाने ऐकलेले माझ्यापाशी राहत नाही. कीर्तन ऐकून घरी आलो तर बुवांची पगडी आठवे, आख्यान आठवत नसे. परंतु जे एकदा बोरूने कागदावर उतरवले, ते मरेपर्यंत माझे. म्हणून मी प्रत्येक कायदा पहिल्या कलमापासून शेवटच्यापर्यंत लिहून काढी. खोलीत बोरूच्या कुरकुरीशिवाय काही नको असे.

दामोदरभटाचे याच्या अगदी उलट. पुस्तक डोळ्यांपुढे धरले तर त्याला अक्षरे दिसत, अर्थ दिसत नसे. त्याला आधी कोणाच्या तरी तोंडून ऐकावे लागे. म्हणून रोज सकाळी, स्नानसंध्या आटोपल्यावर, मी त्याला कलमे वाचून दाखवी. तो मांडी घालून, डोळे अर्धवट मिटून ऐके. मग तो ते कलम आपल्या वडिलांनी शिकविलेल्या रीतीने, क्रमपाठाने, म्हणू लागे. ज्यांनी ही रीत ऐकली नाही त्यांच्यासाठी सांगतो. 'ज्याने वस्तू घेतली त्याने ती परत द्यावी' एवढे वाक्य असेल तर दामोदरभट म्हणे: "ज्याने वस्तू, वस्तू घेतली, घेतली त्याने, त्याने ती, ती परत, परत द्यावी." प्रत्येक शब्द मागच्याचा हात धरून येई आणि पुढच्याच्या हाती हात देऊन जाई. एकही गळणे शक्य नव्हते. आणि हे म्हणताना त्याचा उजवा हात वेदाच्या स्वरांप्रमाणे वर, खाली, बाजूस हाले. सरकारी भाषांतरकाराने ओबडधोबड केलेले ते मराठी त्याच्या तोंडी असे काही निघे की खालची सोनारीण आठवडाभर ते अनुष्ठान समजून चालली होती. एक दिवस तिने उंबऱ्यावर नारळ आणून ठेवला आणि कोणत्या देवाचे चालले आहे म्हणून विचारले.

"मुदतीच्या कायद्याचे," दामोदरभट म्हणाला.

"कडक आहे का हो?"

"फार कडक. एक दिवस चुकला तरी पावत नाही."

आमचे भांडण झाले ते याच आवाजावरून. मी म्हटले, तू म्हणू लागलास की माझा बोरू थांबतो. तो म्हणाला, तू लिहू लागलास की मला घरात कोणी गेल्यासारखे वाटते. दोघांचेही खरे होते. पण खोली मी घेतलेली होती, आणि भाडेचिठ्ठीवर नाव माझे होते. तो मुद्दा मी मांडला, हे लिहिताना मला शरम वाटते. दुसऱ्या दिवसापासून तो सकाळचे वाचन ऐकून झाले की पंचा खांद्यावर टाकून मिठागरांकडे जाऊ लागला.

सुटीच्या दिवशी मीही त्याच्यामागून जाई. बांधावरून येरझारा घालीत, हात हालवीत तो पुराव्याचा कायदा म्हणत असे, आणि दोन्ही बाजूंस वाफ्यांतले पाणी उन्हात आटत असे. मिठागरातली माणसे आधी हसली, मग त्यांना सवय झाली. त्यांच्यात पोशा नावाचा एक म्हातारा आगरी होता. तो त्याची थट्टा करी.

"भटजी, मिठाला मंतर नको. ऊन पायजे."

"मंत्र मिठाला नाही रे, मला आहे."

"मंग तुमाला पन ऊनच पायजे."

हा पोशा वाफ्यात पाय घाली आणि सांगे की आज मीठ धरेल किंवा उद्या धरेल. त्याचे कधी चुकलेले मी पाहिले नाही. वाफ्याची जमीन ही माणसे आधी पायांनी तुडवून तुडवून दगडासारखी करतात. तेव्हापासूनच ती त्यांच्या तळव्यांना ओळखीची होते. मी, कायदा शिकणारा मनुष्य, त्याची उलटतपासणी घेऊ लागलो: पाणी किती आटले म्हणजे? रंग कोणता? किती दिवस? त्याने थोडा वेळ उत्तरे दिली आणि मग कंटाळून म्हणाला, "मना कोनी शिकवला नाय. पाय शिकलं, मंग मी शिकलो." दामोदरभट या उत्तरावर इतका खूश झाला की परतताना वाटभर तेच वाक्य क्रमाने म्हणत आला.

मला त्या वेळी हे सारे गमतीचे वाटले. आज वाटत नाही. तीन माणसे होती: एक हाताने शिकणारा, एक तोंडाने, एक पायांनी. तिघांचेही ज्ञान पक्के होते; पोशाचे तर माझ्याहून पक्के, कारण माझी चूक अपिलात दुरुस्त होते, त्याची पावसाळ्यापर्यंत होत नाही. पण या तिघांपैकी ज्याची रीत सरकारास ठाऊक होती तो एकटा मी. परीक्षा ही लिहिणाऱ्यांनी लिहिणाऱ्यांकरिता केलेली वस्तू आहे. तिच्या नियमांत दौत, लेखणी, कागद, वेळ, सर्वांची तरतूद असते; ज्या वाटेने शब्द माणसाच्या मनातून कागदापर्यंत येतो, त्या वाटेची तरतूद नसते. त्या वाटेवर दामोदरभटाचे ओठ होते. हे मी शिक्षणखात्यास आजवर कितीदा लिहिले, त्याच्या नकला माझ्यापाशी आहेत. पोचही बहुतेकांची आलेली आहे.

परीक्षा कचेरीजवळच्या एका मोठ्या दालनात झाली. पहिले दोन दिवस त्याने निभावले. माझी जागा त्याच्या बरोबर मागे होती. त्याची मान किंचित डोले आणि उजवा हात लिहिण्यापूर्वी मेजावर दोन बोटे वर-खाली होई, एवढेच मला दिसे. तिसऱ्या दिवशी पुराव्याच्या कायद्याचा कागद आला. प्रश्न आडवे होते, उष्मा फार होता, आणि पंखा ओढणारा झोपी गेला होता. दामोदरभट अडला. अडला म्हणजे काय करणार? तो मागच्या शब्दाकडे गेला आणि तेथून हात धरून पुढे येऊ लागला. आधी ओठ हलले, मग पुटपुट झाली, मग त्याच्याही नकळत स्वर लागला. दालनातल्या त्या शांततेत कलमाचे शब्द स्पष्ट, जोडीजोडीने, माझ्या मेजापर्यंत आले.

देखरेखीवरचे शिरस्तेदार धावत आले. त्यांनी मागे पाहिले, मागे मी. एका क्षणात त्यांचा तर्क पूर्ण झाला. परीक्षा घेणारे साहेबही उठून आले. दामोदरभटास उभे केले. त्याला काय घडले हेच कळेना. समाधीतून उठवल्यासारखा तो इकडे तिकडे पाहत होता. मग साहेबांच्या सांगण्यावरून शिरस्तेदारांनी मला विचारले. ती प्रश्नोत्तरे मला शब्दशः पाठ आहेत, मी ती कधी लिहून काढलेली नसतानाही.

"हा बोलत होता काय?"

"होय."

"काय बोलत होता?"

"कायद्याचे कलम."

"ते तुला ऐकू आले?"

"होय."

"तू त्यातले काही लिहिलेस?"

"नाही."

"तो तुझ्यासाठी बोलत होता काय?"

येथे क्षणभर थांबतो, कारण मी तेव्हाही थांबलो होतो. पुराव्याचा कायदा मी त्याच महिन्यात दोनदा लिहून काढला होता. साक्षीदाराने आपण पाहिले व ऐकले तेवढे सांगावे, तर्क सांगू नये, दुसऱ्याच्या मनात काय होते याची ग्वाही देऊ नये, हे माझ्या तीन बोटांत ताजे होते. आणि दुसरेही काही ताजे होते. त्याची बाजू घेतली तर आम्ही दोघे मिळालेलो आहोत असे ठरेल, माझाही कागद काढून घेतील, हा विचार मला आला. तो आला नव्हता असे मी म्हणणार नाही.

मी म्हणालो, "त्याच्या मनातले मला सांगता येणार नाही."

उत्तर निर्दोष होते. साहेबांनी मान हालवली. बहुधा त्यांना ते आवडले. दामोदरभट माझ्याकडे पाहत होता. त्या नजरेत राग असता तर माझे आयुष्य सोपे गेले असते.

मला काय सांगता आले असते? एवढेच: मी पाच महिने या मनुष्याबरोबर राहतो, रोज सकाळी मीच याला कलमे वाचून दाखवतो, तोंडातून गेल्यावाचून एकही शब्द याच्या लेखणीस येत नाही, हा एकटा असतानाही असाच बोलतो, मिठागरातल्या माणसांना विचारा. यात तर्क नव्हता. हे सगळे मी पाहिलेले व ऐकलेले होते. पृथ्वीच्या पाठीवर या गोष्टीचा माझ्याइतका चांगला साक्षीदार दुसरा नव्हता. पण तसा प्रश्न कोणी विचारला नाही, आणि मी विचारल्यावाचून बोललो नाही.

त्याचा कागद रद्द झाला, आणि पुढे पुन्हा परीक्षेस बसण्याची मनाई आली. मी पास झालो.

त्या दिवशी कागद देऊन बाहेर आलो तेव्हा तो पायऱ्यांवर उन्हात बसला होता. दीड तास तेथेच बसला असावा. पागोटे मांडीवर, मान घामाने चिंब. मला वाटले, आता विचारील. त्याने विचारले ते असे: "शेवटचा प्रश्न तुला आला ना, बाळकोबा? त्यातच सगळे अडत होते." आम्ही दोघे खोलीवर गेलो. त्याने वळकटी बांधली. मी त्याला स्टेशनापर्यंत पोहोचवले.

पुढे माझी वकिली चालली. साक्षीदारांना पढवताना मी त्यांना एकच गोष्ट सांगे, विचारतील तेवढेच बोला. मी रागीट आहे, भांडकुदळ आहे, कलेक्टरापासून स्टेशनमास्तरापर्यंत सर्वांना पत्रे लिहितो, ही माझी कीर्ती आहे. लोकांना वाटते, हा मनुष्य अन्याय सहन करू शकत नाही. इतक्या वर्षांत दामोदरभटास मात्र मी एकही पत्र लिहिले नाही. त्याच्या बहिणींच्या लग्नांना गेलो, माझ्या घरच्या मुंजीला तो आला. जेवलो, पान खाल्ले, आंबे यंदा कसे आहेत ते बोललो. परीक्षेची गोष्ट त्याने काढली नाही. मी काढू दिली नाही.

यंदा माघात तो वारला. पत्र उशिरा मिळाले. मी कल्याणला गेलो तेव्हा दिवस होऊन गेले होते. घर तेच, शेणाने सारवलेली ओटी, खुंटीवर त्याचा पंचा. थोरला मुलगा टपालखात्यात नोकरीस आहे. त्याने पाट मांडला आणि पाणी आणायला तो आत गेला. वहिनी पुढे आल्या नाहीत, माजघराच्या दाराआडून बोलत राहिल्या. मला त्यांचा फक्त आवाज ऐकू येत होता.

त्यांनी सांगितले ते मला ठाऊक नव्हते. परीक्षेहून परत आल्यावर दामोदरभटाने मनातल्या मनात वाचायला शिकण्याचा निश्चय केला. तोंडात सुपारी धरून, ओठ मिटून, तो रोज दोन प्रहर पुस्तक पुढे घेऊन बसे. पुढे कधीतरी मनाई उठेल, तोवर आपली खोड मोडून ठेवावी, असे त्याचे म्हणणे. अशी अकरा वर्षे. जिभेला घट्टे पडले, वाचलेले काही राहिले नाही. उलट जुने होते त्यातलेही सुटू लागले. सूक्त म्हणताना मध्येच थांबे आणि तोंडावर हात ठेवी. यजमानांनी दुसरे भट पाहिले.

"पण तुम्हांला त्यांनी कधी बोल लावला नाही हो, भावोजी," वहिनी म्हणाल्या. "मुलांना सांगायचे, सत्य कसे असते ते ठाण्याच्या बाळकोबाकडे पाहून शिका. जे त्याला ठाऊक नव्हते, ते तो माझ्यासाठीसुद्धा बोलला नाही."

मला ठाऊक होते. आणि मला ठाऊक होते हे दामोदरभटाइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार? रोज सकाळी त्याच्यापुढे कलमे वाचणारा मीच. म्हणजे माझ्यासाठी तो आपल्या घरात वीस वर्षे खोटे बोलत आला होता, बायकोशी आणि मुलांशी, ज्याने जन्मभर अक्षराची उलटापालट केली नाही असा मनुष्य.

मग दाराआडून वहिनींनी विचारले, आवाज अगदी खाली आणून, जणू अनेक वर्षे हा प्रश्न त्यांनी कोणाला विचारला नव्हता.

"तुम्हांला खरेच ठाऊक नव्हते ना, भावोजी?"

या वेळी मला कोणी घाई केली नव्हती. साहेब नव्हता, कागद नव्हता, सनद जाण्याची भीती नव्हती. मी पूर्ण विचार करून उत्तर दिले.

"नव्हते, वहिनी."

मुलगा पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आला. त्याने तो माझ्यापुढे ठेवला आणि वडिलांनी लावलेल्या शिस्तीप्रमाणे वाकून माझ्या पायांवर डोके ठेवले. मी पाय मागे घेतले नाहीत.